दामनची बंद खोली : धुराडं नसलेल्या गॅस हीटरचं एक प्रकरण

20 जानेवारी 2020, सोमवार. नेपाळमधल्या दामन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळचा पंधरा जणांचा गट रात्रीच्या मुक्कामाला उतरला. मित्रांची कुटुंबं, बरोबर लहान मुलं. पोखरा पाहून झालं होतं आणि आता घरी परतायचं होतं. मंगळवारी सकाळी त्यांच्यातले आठ जण एकाच खोलीत बेशुद्ध सापडले. दोन जोडपी आणि चार मुलं. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूच्या रुग्णालयात नेलं, तिथे डॉक्टरांनी आठही जणांना मृत घोषित केलं. खोलीत गॅसचा हीटर होता. रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने सांगितल्याप्रमाणे दार आणि सगळ्या खिडक्या आतून बंद होत्या. गटाने चार खोल्या घेतल्या होत्या, तरी हे आठ जण एकाच खोलीत झोपले होते.

त्यांच्यातल्या एका जोडप्याचा एक मुलगा त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपला होता. तो वाचला.

पोलिसांनी सुरुवातीलाच गुदमरल्याचा अंदाज सांगितला. पर्यटन विभागाने चौकशी समिती नेमली, आणि पुढे रिसॉर्ट काही काळ बंद ठेवण्याचा आदेश निघाला. बातमी वाचलेल्या बहुतेकांच्या मनात मात्र एवढंच राहिलं की एका खोलीत आठ माणसं दाटीने झोपली आणि हवा पुरली नाही. हा समज चुकीचा आहे, आणि तो तसाच राहिला तर पुढच्या हिवाळ्यात आणखी कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून हे प्रकरण सविस्तर उलगडायचं आहे.

जागा आणि थंडी

दामन मकवानपूर जिल्ह्यात आहे. काठमांडूला तराईशी, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशाशी जोडणारा जुना त्रिभुवन राजपथ इथूनच जातो. उंची सुमारे 2,300 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ हजार मीटर जास्त. आकाश मोकळं असेल तर हिमालयाची लांबच लांब रांग दिसते, आणि लोक येतात ते त्यासाठीच. जानेवारीत इथे रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, कधी बर्फही पडतं. डोंगरातल्या बहुतेक हॉटेलांत संपूर्ण इमारत गरम ठेवण्याची सोय नसते. थंडी असह्य झाली की एकेका खोलीत हीटर आणून ठेवतात.

केरळहून आलेल्या माणसाला अशा थंडीची सवय नसते. मुंबई, कोकण किंवा गोव्याहून जाणाऱ्यालाही नसते. पहिल्यांदा एवढी थंडी अंगावर घेणारा माणूस काय करेल? दार लावेल, खिडकीची कडी पक्की करेल, दाराखालच्या फटीत टॉवेल सारेल आणि मुलांना आपल्याजवळ झोपवेल. यात निष्काळजीपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं. थंडीपासून लेकरांना जपणारा कोणताही आईबाप हेच करेल.

हीटर कसा चालतो

हॉटेलांत आणि घरांत दिसणारा गॅस हीटर साधारण गुडघ्याएवढा किंवा थोडा उंच, चाकांवरचा पत्र्याचा डबा असतो. सिलिंडर त्याच्या पोटातच बसतो. पुढे जाळीमागे सिरॅमिकच्या तीन पट्ट्या. बटण एकावर ठेवलं की एक पट्टी पेटते, तीनवर ठेवलं की तिन्ही. पट्ट्या तापून नारिंगी-लाल होतात आणि समोर बसणाऱ्याला शेकोटीची ऊब देतात. वायर नाही, भिंतीत भोक पाडायला नको, आणि धुराडंही नाही. विकताना हीच त्याची मोठी सोय म्हणून सांगितली जाते.

धुराडं नाही याचा अर्थ, जळण्यातून जे काही तयार होतं ते सगळं खोलीतच राहतं. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 3.6 किलो ऑक्सिजन लागतो. त्यातून सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. तीन पट्ट्यांचा हीटर पूर्ण क्षमतेने, म्हणजे सुमारे 4.2 किलोवॉटवर चालला तर तासाला 300 ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो. याचा अर्थ तासाला 1 किलोहून अधिक ऑक्सिजन.

शांत झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण 20 ग्रॅम ऑक्सिजन घेतो. म्हणजे असा एक हीटर खोलीतला ऑक्सिजन जवळजवळ 50 झोपलेल्या माणसांच्या वेगाने संपवतो. दामनच्या त्या खोलीत तीन पट्ट्यांचा हीटर धरला, तर आठ माणसांचा श्वास हा हिशोबातला लहानसा वाटा ठरतो. त्याच खोलीत हीटरविना आठच काय, दहा जण झोपले असते, तरी सकाळी कोंदट हवेने डोकी जड होऊन उठले असते, इतकंच.

एक खोली डोळ्यांसमोर धरू. दामनची नेमकी तीच नव्हे, तर हॉटेलातली नेहमीची खोली. चार मीटर लांब, चार मीटर रुंद, छत पावणेतीन मीटरवर. 2,300 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. अशी खोली पूर्ण बंद धरली आणि तिन्ही पट्ट्या पेटवल्या, तर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण नेहमीच्या 21 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर यायला तास-सव्वातास पुरतो. प्रत्यक्षात दाराखिडक्यांच्या फटींतून थोडी हवा येत असते, म्हणून वेळ लांबतो. पण हिवाळ्यातली झोप सात-आठ तासांची असते, आणि त्या फटीच तर आपण थंडीला घाबरून बुजवतो.

18 टक्के हा आकडा महत्त्वाचा आहे. त्याखाली ज्योत बिघडायला लागते. गॅस पूर्ण जळायला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. ऑक्सिजन जसा आणखी खाली येतो तसं हे प्रमाण भराभर चढतं. पहिला तास काही झालं नाही म्हणून दुसराही तसाच जाईल, असं इथे घडत नाही.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. शरीर श्वास घेत राहतं, छाती वरखाली होत राहते, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. हवेत दशलक्ष भागांत 800 भाग एवढा तो असला तर पाऊण तासात डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि दोन तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. 1,600 भाग असला तर एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. मुलांचा श्वासाचा वेग जास्त, शरीर लहान, म्हणून त्यांना विषबाधा लवकर होते. आणि झोपेत असलेल्याला डोकेदुखीची सूचनाही मिळत नाही. झोपेतूनच तो बेशुद्धीत जातो.

डोळे, नाक आणि जुने आडाखे

आपल्या घरांत गॅसबद्दलची भीती वासाशी जोडलेली आहे. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळतात, म्हणून गळती झाली की लगेच कळतं. पण ज्योतीत तो वास जळून जातो. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, घशात खवखवही होत नाही. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहणं या हीटरच्या बाबतीत घातक आहे.

दुसरा आडाखा ज्योतीच्या रंगाचा. ज्योत निळी असेल तर गॅस नीट जळतोय, पिवळी पडली तर गडबड, हे स्वयंपाकघरात खरं आहे. पण सिरॅमिकच्या पट्ट्यांचा हीटर निरोगी असतानाही नारिंगीच दिसतो. त्याच्याकडे बघून काहीही ठरवता येत नाही.

तिसरा समज असा की हा वायू जड असतो, खाली साचतो, म्हणून पलंगावर झोपलेले सुरक्षित. खाली साचतो तो न जळलेला स्वयंपाकाचा गॅस. मोनॉक्साइडचं वजन हवेच्या जवळपास तेवढंच आणि किंचित कमी असतं. तो सगळ्या खोलीभर सारखा पसरतो.

डोळ्यांना दिसणारी एक खूण मात्र आहे. तासाला 300 ग्रॅम गॅस जळला की सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. थंड काचेवर ती वाफ जमते, थेंब ओघळू लागतात, गादी-उशी दमट लागते. बंद खोलीत हीटर लावल्यावर काचा आतून घामेजल्या, तर समजावं की जळलेली हवा बाहेर जात नाहीये. हॉटेलातल्या माणसांनाही हे दिसतं. रात्री हीटर पोचवायला जाणाऱ्या मुलाला एवढं शिकवणं फार अवघड नाही.

‘सुरक्षित’ हीटरचं काय?

अमेरिकेत धुराडं नसलेले प्रोपेन हीटर मोठ्या प्रमाणावर विकले जातात, आणि त्यांच्यात ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव ठेवणारी यंत्रणा असते. एक छोटी मार्गदर्शक ज्योत एका तापमापक टोकावर खेळत असते. ऑक्सिजन 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की ती ज्योत जागा सोडते, टोक थंड पडतं आणि गॅसची झडप आपोआप बंद होते. कल्पना चांगली आहे, तिने जीव वाचतात. पण ही यंत्रणा ऑक्सिजनच्या कमतरतेवर काम करते, मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरमध्ये धूळ किंवा जाळं अडकलं, सिरॅमिकच्या पट्टीला तडा गेला, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही मोनॉक्साइड तयार होतो आणि झडप उघडीच राहते. शिवाय अशा काही हीटरच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की 7,000 फुटांवर, म्हणजे सुमारे 2,100 मीटरवर, यंत्र मधेच बंद पडू शकतं. दामन त्याहून उंच आहे.

तिथेही हे हीटर सरसकट मान्य नाहीत. कॅलिफोर्नियाने घरांसाठी ते विकायला मनाई केली आहे. अनेक राज्यांत वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत झोपायच्या खोलीसाठी तासाला 10,000 बीटीयू उष्णतेची मर्यादा आहे, म्हणजे 3 किलोवॉटहूनही कमी, तोही भिंतीवर पक्का बसवलेला आणि वर सांगितलेल्या यंत्रणेसह. आपल्याकडच्या चाकांवरच्या तीन पट्ट्यांच्या हीटरची ताकद याहून जास्त, आणि तो बसवलेला नसतो, ढकलत आणलेला असतो.

चूक कुणाची

व्यवस्थापकाचं म्हणणं छापून आलं की दाराखिडक्या आतून बंद होत्या. ते खरंच असेल. पण या वाक्याचा रोख पाहुण्यांवर जातो, आणि तो मला मान्य नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला ऊब द्यायची आणि त्याचबरोबर खिडकी उघडी ठेवायला सांगायची, यात सुरक्षेचा सगळा भार झोपलेल्या माणसावर पडतो. पहाटे गारठा वाढला की तो अर्धवट झोपेत उठून खिडकी लावणारच. जो उपाय पाळायला माणसाला रात्रभर थंडी सोसावी लागते, तो टिकत नाही.

खिडकी किती उघडी ठेवायची, याचंही नेमकं उत्तर नसतं. वारा कुठून आहे, समोर दुसरी फट आहे का, पडदा ओढलेला आहे का, यावर आत येणारी हवा बदलते. एकाच बाजूची बोटभर फट वारा पडल्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरते.

म्हणून या प्रकरणातला निर्णायक क्षण मी कडी लावण्याच्या आधी धरतो. तो क्षण हीटर झोपायच्या खोलीत गेला तेव्हाचा. हा निर्णय हीटर देणाऱ्याच्या हातात होता. जेवणघरात, जिथे माणसं जागी असतात आणि दार सतत उघडझाप होत असतं, तिथे तोच हीटर बराच कमी धोक्याचा. झोपायच्या खोलीत धुराडं नसलेली ज्योत रात्रभर ठेवायची नाही, हा नियम हॉटेलने पाळला असता तर आतल्या कड्यांनी काही बिघडलं नसतं. जाड रजया, गरम पाण्याच्या पिशव्या, तेल भरलेला विजेचा रेडिएटर असे पर्याय असतात. विजेच्या हीटरला आग लागण्याचा धोका असतो, त्यासाठी तो पडद्यापासून आणि अंथरुणापासून लांब ठेवावा लागतो. पण तो हवा विषारी करत नाही.

दुसरी उणीव साध्या उपकरणाची. मोनॉक्साइडचा अलार्म तळहातावर मावतो आणि बॅटरीवर चालतो. युरोपीय मानकाप्रमाणे तो 50 भागांना तास-दीड तासात, 100 भागांना 10 ते 40 मिनिटांत आणि 300 भागांना तीन मिनिटांच्या आत वाजायला हवा. म्हणजे प्राणघातक पातळीच्या कितीतरी आधी. तो आवाज झोपलेल्याला उठवतो, आणि या विषबाधेत जीव वाचतो तो जाग आल्यानेच. हिमाचल, काश्मीर, नेपाळ किंवा सिक्कीमला हिवाळ्यात सहली नेणाऱ्या आपल्याकडच्या आयोजकांनी प्रत्येक खोलीसाठी असा एक अलार्म सोबत ठेवावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. सहलीच्या खर्चात त्याची किंमत जाणवणारही नाही.

‘उंचीचा त्रास होतोय’

उंचावर गेल्यावर डोकं दुखणं आणि मळमळणं लोकांना अपेक्षितच असतं. पहिल्या रात्री कुणाला उलटी झाली तर प्रवासाचा शीण, गाडी लागली, जेवण बाधलं, असं म्हणून सगळे झोपी जातात. मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणं हुबेहूब अशीच आहेत. फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात. खोलीतल्या एकाहून जास्त जणांना एकाच वेळी त्रास होतोय का? बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय का? दोन्हींचं उत्तर हो असेल आणि खोलीत काही जळत असेल, तर थांबायचं नाही.

अशा वेळी दार-खिडक्या सताड उघडून आधी माणसं बाहेर काढायची, मग हीटर आणि सिलिंडरचा नॉब बंद. बेशुद्ध असेल त्याचा श्वास तपासायचा, थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात. महाराष्ट्रात असाल तर 108. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य हे : बंद खोलीत गॅस जळत होता. ते सांगितलं नाही तर डॉक्टर हृदयाचा झटका, अन्नातून विषबाधा, फिट अशा दिशेने शोधत राहतात.

कोविडनंतर घराघरात आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. रुग्ण गंभीर असतानाही पडद्यावर 97-98 दिसू शकतात. ‘ऑक्सिजन तर चांगला आहे’ म्हणून घरी थांबू नका. खरी पातळी रक्ताच्या विशेष तपासणीतच कळते. उपचार म्हणजे मास्कने पूर्ण ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कच्या ऑक्सिजनवर साधारण दीड तास. आणि वाचलेल्या माणसात काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असे त्रास नव्याने दिसू शकतात. घरच्यांनी ते लक्षात ठेवून परत डॉक्टरांकडे न्यावं.

आपल्या घरातली तीच ज्योत

महाराष्ट्रात खोलीत गॅस हीटर लावायची वेळ फारशी येत नाही, म्हणून हे प्रकरण लांबचं वाटेल. पण धुराडं नसलेला गॅसचा बर्नर आपल्या हजारो घरांत आहे, आणि तोही घरातल्या सर्वात लहान खोलीत. गॅस गीझर. भिंतीवरचा नेहमीचा छोटा गीझर सुमारे 10 ते 12 किलोवॉटचा असतो, म्हणजे त्या हीटरच्या अडीच पट. दोन मीटर बाय दीड मीटरच्या बाथरूममध्ये दार-खिडकी पूर्ण बंद करून तो चालवला, तर ऑक्सिजन 18 टक्क्यांवर यायला पाच-सहा मिनिटं पुरतात. वर डोळ्यांसमोर धरलेल्या खोलीत ज्याला तास लागतो, ते इथे बादली भरेपर्यंत होतं. आंघोळ करताना पडलेल्या, दार तोडून बाहेर काढाव्या लागलेल्या माणसांच्या बातम्या मुंबई-पुण्यातून येत राहतात, त्यामागे अनेकदा हाच हिशोब असतो.

गीझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला मोकळ्या हवेत लावून फक्त गरम पाण्याची नळी आत आणणं हाच पक्का उपाय. प्लंबरला दोन-तीन मीटर जास्त पाइप लागेल. आत लावलेला असेल आणि तो हलेपर्यंत वापरणं भागच असेल, तर आधी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार उघडून हवा खेळू द्यावी, आणि मगच आंघोळीला आत जावं. एकामागून एक चौघांनी आंघोळी उरकायच्या सणाच्या सकाळी हे विशेष पाळावं लागतं, कारण पहिल्या तिघांच्या पाण्यासाठी जळलेला गॅस चौथ्याच्या वेळी आतच साठलेला असतो.

आणि थंड प्रदेशात खोली घेताना, पैसे भरण्याआधी विचारायचं : खोली कशाने गरम करता? उत्तर गॅस, कोळशाची शेगडी किंवा ‘रात्री हीटर पाठवतो’ असं आलं, तर रजया जास्त मागून घ्याव्यात. हीटर लावायचाच असेल तर झोपण्याआधी, सगळे जागे असताना, दार उघडं ठेवून तासभर. मग बंद करून, सिलिंडरचा नॉब फिरवून, तो खोलीबाहेर ठेवायला सांगावा.